संमेलनातली अकरा पुस्तकं : लेकरू, शिलाई मशीन आणि वाचन, शंभर दिवसांच्या नोंदी

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार. दिवस १

२०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्या उदगीरात ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. २२ ते २४ एप्रिल. मला सातवा महिना होता, ऊन मी म्हणत होतं, तरी तिन्ही दिवस गेले. पुस्तकांच्या गाळ्यांवर फिरून अकरा पुस्तकं घेतली. सूट जाऊन २१४० रुपये झाले. ब्लाउज शिवून बाजूला टाकलेले पैसे होते. बाळंतपणात वाचीन, असं मनात धरलं होतं.

लेक आता सव्वादोन वर्षांची आहे. अकरापैकी एक पुस्तक अर्धं वाचून झालंय. बाकीची दहा कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या मागं. काल गणपती बोळवल्यावर मखर वर ठेवताना हाताला लागली. दोन पुस्तकांना कसर लागली होती. खाली बसून एकेक पान झटकलं आणि रडू आलं. लग्नाआधी आठवड्याला एक पुस्तक संपवणारी मीच होते, हे त्या क्षणी खरं वाटेना.

आजपासून पितृपंधरवडा. या पंधरा दिवसांत नवीन कापड शिवायला कुणी सहसा टाकत नाही, मशीन निवांत असते. म्हणून आजच सुरू करते. ठरवलंय असं : शंभर दिवस, म्हणजे २६ डिसेंबरपर्यंत, ही अकरा पुस्तकं वाचून काढायची. वहीत रोज तीन आकडे लिहायचे. किती मिनिटं बसले, किती पानं झाली, मध्ये किती वेळा उठले. लहान लेकरू सांभाळून वाचायला बघणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून फसलेलं काही लपवणार नाही. एखाद्या गोष्टीचं पुढं काय झालं, ते मागाहून त्याच नोंदीत भरणार.

घरची माहिती आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. घरात चौघं : आत्याबाई (माझ्या सासूबाई), हे, मी आणि लेक. हे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडतीवर मुनीम आहेत. मी घरीच शिवते. साडीच्या फॉल-पिकोचे ८० रुपये, अस्तराच्या ब्लाउजचे ३५०. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर गच्चीवर पत्र्याची एक खोली, तीत जुनं सामान.

२३ सप्टेंबर. पहाटेचा प्रयोग

सगळ्यांनी एकच सल्ला दिला होता, पहाटे उठ. पाच दिवस साडेचारचा गजर लावला.

पहिल्या दिवशी ३५ मिनिटं, १७ पानं, एकदाही उठले नाही. इतकी आनंदले की आत्याबाईंच्या आधी चहा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी लेक चार पन्नासला रडत उठली. ती अजून रात्री अंगावर पिते आणि झोपेतच हातानं मला चाचपते. हाताला मी लागले नाही की तिची झोप मोडते. तिसऱ्या दिवशी माझ्या जागी उशीला माझी वापरलेली साडी गुंडाळून ठेवली. वीस मिनिटं निभावलं. चौथ्या दिवशी ती उशीलाही फसली नाही. जी उठली ती परत झोपलीच नाही, दिवसभर किरकिर. आणि झोप अपुरी झाल्यामुळं मी गौरीच्या वेळचा राहिलेला एक ब्लाउज शिवताना उजवी बाही डावीकडं लावली. नुसतं उसवून भागलं असतं, पण उसवताना कापड फाटलं. गिऱ्हाइकाला जुळतं कापड स्वतः आणून दिलं, २२० रुपये गेले.

पाच दिवसांची बेरीज : ९६ मिनिटं, ४१ पानं, १३ वेळा उठणं. पहाटेचा सल्ला देणाऱ्यांची लेकरं मोठी झालेली आहेत, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. रात्री अंगावर पिणारं लेकरू असेल तर पहाट आपली नसते. पहाटेच्या झोपेवर पुढचा सगळा दिवस उभा असतो. बंद केलं.

२८ सप्टेंबर. रात्रीचा प्रयोग

पुस्तकाला चिमट्यानं अडकवायचा छोटा दिवा आणला, १८० रुपये. पहिल्या रात्री उजेड लेकीच्या तोंडावर पडला आणि ती उठून बसली. दुसऱ्या दिवशी दिव्याच्या एका बाजूला तपकिरी अस्तराचा तुकडा शिवून टोपरं केलं. उजेड फक्त पानावर पडायला लागला. एवढं काम चांगलं झालं, दिवा अजून वापरते. लाईट गेली की तर फार उपयोगी.

पण उजेडाचा प्रश्न सुटला तरी झोपेचा सुटला नाही. वहीत दिसतंय ते खरं लिहिते : एकच पान मी तीन रात्री वाचलं. चौथ्या रात्री पुस्तक नाकावर पडलं. चार रात्रींत पुढं सरकलेली पानं नऊ.

१ ऑक्टोबर. मोबाईल (ही चूक कुणी करू नका)

लेकीला पाजताना एक हात मोकळा असतो, तेव्हा मोबाईलवर वाचावं असं वाटलं. दोन दिवस केलं. पहिल्या दिवशी पाच पानं झाली आणि तेवढ्यात "ताई, ब्लाउज झाला का" असे सहा निरोप येऊन गेले. प्रत्येकीला उत्तर देणं भाग, कारण नवरात्राची कामं यायला सुरुवात झाली होती.

खरं नुकसान ते नाही. तोपर्यंत आमच्या लेकीला मोबाईलची गोडी नव्हती. दोन दिवस तोंडासमोर उजेडाची पाटी बघून ती पिणं सोडून मोबाईलकडं झेपावायला लागली. जेवताना मोबाईल, झोपताना मोबाईल. ती सवय मोडायला पुढं नऊ दिवस गेले, त्यातले चार अखंड रडारडीचे. दहा-बारा पानांसाठी एवढी किंमत फार झाली. कागदाचं पुस्तक लेकरू फार तर फाडतं. माझ्या एका कथासंग्रहाची पानं ८७-८८ तिनं फाडली, ती चिकटपट्टीनं जोडली, काम भागलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

नऊ दिवसांच्या नऊ रंगांच्या साड्या. ५ तारखेपर्यंत २७ साड्यांचा फॉल-पिको द्यायचाय. रात्री फॉल लावता लावता बातमी ऐकली, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या भाषेचं आज एवढं कौतुक, तिची दहा पुस्तकं माझ्याच घरात बंद पडून आहेत, आणि आज एक पानही वाचता आलं नाही. वहीत शून्य लिहिलं. मग परत सुई हातात घेतली.

८ ऑक्टोबर. चोरून वाचणं, आणि त्यानंतरचं बोलणं

ही नोंद लांबणार आहे. सगळं वळण इथंच लागलं.

गेले चार दिवस मी धुणं वाळू घालायला म्हणून गच्चीवर जात होते आणि पत्र्याच्या खोलीच्या सावलीत दहा मिनिटं वाचून खाली येत होते. बादलीत धुण्याखाली पिशवी, पिशवीत पुस्तक. रोज चार-पाच पानं व्हायची. पण एक कान खालीच असायचा, आणि ओळ वाचून तिचा अर्थ डोक्यात शिरायच्या आत "आता जायला पाहिजे" हे शिरायचं.

आज लेक माझ्यामागं जिना चढायला निघाली. दुसऱ्या पायरीवरून पडली. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. पण मी धावत खाली आले तेव्हा हातात पुस्तक होतं, धुणं नव्हतं. आत्याबाईंनी ते बघितलं.

त्या आधी काहीच बोलल्या नाहीत. लेकीच्या कपाळाला हळद लावली, तिला निजवली, मग म्हणाल्या, "तरीच म्हणलं, धुणं वाळू घालायला येवढा येळ कसा लागलालाय."

मी म्हटलं, "आत्याबाई, चुकलं."

"वाचण्यात काय चुकलं? वाचलालीस तर वाचलाले म्हण की. चोरून कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच कशाला? कुणी मला वाचू नको म्हटलंच नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. दोन वर्षं मीच धरून चालले होते की हे मागण्यासारखं काम नाही. शिवण्यासाठी वेळ मागताना मला कधी लाज वाटली नाही, कारण त्याचे पैसे येतात.

मग मी सगळं सांगितलं. कपाटातली पुस्तकं, पहाटेचा गजर, उशीला गुंडाळलेली साडी. परवाच दिल्लीच्या ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्षपदी तारा भवाळकर यांची निवड झाली, त्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांचा, लोकगीतांचा अभ्यास करणाऱ्या आहेत, हेही बोलण्यात आलं. ते ऐकून आत्याबाई थांबल्या. म्हणाल्या, "त्याचाबी अभ्यास करत्यात?"

आणि मग त्या बोलत राहिल्या. पहाटे चारला त्या आणि त्यांची थोरली जाऊ जात्यावर बसायच्या. जवारीचं दळण, दोघींचा एका खुंट्याला हात. "काम व्हतं खरं. हाताला घट्टे पडायचे. पर त्या येळंला आमाला कुणी हाक मारीत नव्हतं. दोघीच. म्हणायचं ते म्हणायचो, रडायचं तर रडायचो. पिठाची गिरणी आली, दळण सुटलं, बरंच झालं. पर तो येळबी गेला."

दळणाचे कष्ट परत यावेत असं त्यांना म्हणायचं नव्हतं, मलाही नाही. पण "कुणी हाक मारीत नव्हतं" हे त्यांचे शब्द मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत. मला नेमकं काय पाहिजे होतं ते मला इतके दिवस सांगता येत नव्हतं.

ठरलं ते असं. दुपारी अडीच ते सव्वातीन, पाऊण तास, लेक आत्याबाईंजवळ. त्या बदल्यात संध्याकाळी पाच ते साडेसहा लेक माझ्याजवळ, काहीही काम असो. आत्याबाई पाचला मंदिरात हरिपाठाला जातात आणि आजवर लेकीला कडेवर घेऊन जात होत्या. त्यांना तिथं टाळ धरता येत नव्हता, एका ओळीत दोनदा उठावं लागत होतं. हे त्यांनी मला दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. माझ्यासारख्याच त्याही गप्प होत्या.

१५ ऑक्टोबर. वाचनालय

आज वाचन प्रेरणा दिन. २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला तो असतो. त्या निमित्तानं गावातल्या सार्वजनिक वाचनालयात नाव घातलं. अनामत ३००, महिन्याची वर्गणी ३०. घरात दहा पुस्तकं न वाचलेली असताना वाचनालय कशाला? मला पुस्तक नको होतं, बसायला जागा पाहिजे होती, म्हणून.

ते जमलं नाही. वाचनालय दुपारी बंद असतं, आणि माझी वेळ दुपारचीच. एक दिवस आत्याबाईंशी वेळ बदलून सकाळी गेले. बारा मिनिटं चालत जायचं, तेवढंच यायचं. वाचनकक्षात सगळी मुलं स्पर्धा परीक्षेची, भरतीची पुस्तकं घेऊन बसलेली, बाई मी एकटीच. ग्रंथपालांनी खिडकीजवळची खुर्ची काढून दिली, वागणं अदबीचं होतं, पण मीच अवघडून बसले. २३ मिनिटांत ८ पानं. जाण्यायेण्याचा वेळ धरला तर परवडत नाही. महिना झाला की अनामत परत घेणार, म्हणजे ३० रुपये खर्ची पडले. जिचं वाचनालय घराजवळ आहे आणि दुपारी उघडं असतं तिनं जरूर बघावं.

१९ ऑक्टोबर. पत्र्याची खोली आणि खडूची खूण

जागा शेवटी घरातच केली. पत्र्याच्या खोलीतलं सामान एका भिंतीला लावलं, जुनी सतरंजी टाकली, गादीचा लोड ठेवला. ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा तापतो, म्हणून वरून ज्वारीचा कडबा अंथरला. कडबा ह्यांनी एका गाडीवाल्याकडून फुकट आणला. खोली लगेच निवली असं नाही, पण बसता येतं.

अवघड काम लेकीला मागं ठेवायचं होतं. पहिले दोन दिवस मी तिची नजर चुकवून वर गेले. खाली बारा मिनिटं रडली, दुसऱ्या दिवशी जास्त. कारण नंतर समजलं. माझ्या चपला दारात दिसत होत्या. आई घरातच आहे आणि येत नाही, हे तिला कळत होतं. चपला लपवाव्यात असं एकदा मनात आलं, पण चोरून काही करायचं नाही हे ८ तारखेलाच ठरलेलं होतं.

मग शिलाईचा खडू घेतला. भिंतीवरचं घड्याळ खाली काढून काचेवर तीनच्या आकड्याजवळ पांढरी खूण केली. लेकीला मांडीवर घेऊन सांगितलं, "आई वर वाचायला चालली. मोठा काटा ह्या खुणेवर आला की आई खाली येणार." आणि आले. बरोबर त्या मिनिटाला आले, परिच्छेद अर्धा सोडून आले. पहिल्या दिवशी सात मिनिटं रडली, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी जरा वेळ दाराशी बसली, चौथ्या दिवशी आजीजवळ शेंगा फोडत बसली. सव्वादोन वर्षांच्या लेकराला घड्याळ कळत नाही, पण आई बोललेली वेळ पाळते हे चार दिवसांत कळतं. एकही दिवस दोन मिनिटंसुद्धा जास्त बसू नका. मी एकदा २२ तारखेला पाच मिनिटं उशिरा उतरले, तर पुढचे दोन दिवस परत रडणं.

२४ ऑक्टोबर. कोणतं पुस्तक आधी

अर्धी राहिलेली ती ३१२ पानांची कादंबरी आधी संपवायची असा हट्ट धरला होता. चार पिढ्यांची गोष्ट आहे, माणसं तीसेक. मध्ये शून्याचे चार दिवस गेले की कोण कुणाचा चुलता ते विसरते आणि मागं जावं लागतं. पाऊण तासातली पंधरा मिनिटं मागं जाण्यातच जायची. पुढं ती सरकेना.

ती बाजूला ठेवली आणि कथासंग्रह घेतला. एक कथा एका बैठकीत संपते, आणि संपल्याचं समाधान घेऊन जिना उतरता येतो. दोन संग्रह ओळीनं झाले. त्यानंतर एक आत्मचरित्र, तेही सोपं गेलं, कारण माणूस एकच असतो.

एक युक्ती जमली. ब्लाउजच्या कटिंगचा खाकी कागद उरतो, त्याच्या पट्ट्या कापून पानखूण करते आणि तिच्यावरच पेन्सिलीनं लिहून ठेवते : शेवटी काय झालं, एका ओळीत. दुसऱ्या दिवशी ती ओळ वाचली की धागा लागतो. यात दिवसाची एक-दोन मिनिटं जातात आणि दहा वाचतात.

६ नोव्हेंबर

२७ ऑक्टोबरपासून आजपर्यंत अकरा दिवस शून्य. दिवाळी. १ तारखेला लक्ष्मीपूजन, त्याआधी ४१ ब्लाउज. मोंढ्यात सोयाबीनची आवक, ह्यांना रात्री दहा-साडेदहा व्हायचे. हमीभाव ४८९२ आणि मोंढ्यात दर त्याच्या बराच खाली, त्यामुळं अडतीवर रोज शेतकऱ्यांची तोंडं बघवत नाहीत, असं सांगत घरी यायचे. अशा वेळी ह्यांना लेक धरा म्हणायची माझी इच्छा झाली नाही. फराळ, पाहुणे, शिवण. आत्याबाईंनी दोनदा आठवण करून दिली, "अडीच वाजले बग." मीच म्हटलं, राहू द्या.

१८ नोव्हेंबर

९ तारखेला लेकीला ताप आला, चार दिवस १०२ च्या खाली उतरला नाही. रक्त तपासलं, डेंग्यू नव्हता, सर्दी-खोकल्याचा ताप होता. तरी उतरल्यावर ती आठवडाभर कुणाकडं गेली नाही, फक्त माझ्या खांद्यावर. दवाखान्यात नंबर यायला दोन तास लागायचे म्हणून पिशवीत पुस्तक नेलं होतं. सहा पानं उलटली. त्यातलं एक वाक्य आठवत नाही. ती सहा पानं वहीत लिहून परत खोडली.

आजारात वाचायचा प्रयत्न करू नये असं माझं आता ठाम मत झालंय. पुस्तकही वाया जातं आणि लेकराकडंही अर्धं लक्ष राहतं.

२० नोव्हेंबर, बुधवार. मतदान

विधानसभेचं मतदान, मोंढा बंद, हे घरी. आत्याबाई मैत्रिणींबरोबर मतदानाला गेल्या. म्हणून पहिल्यांदाच पाऊण तास ह्यांच्याकडं लेक दिली. पंचेचाळीस मिनिटांत चार हाका आल्या. टॉवेल कुठाय, ती पाणी मागतेय कोणता ग्लास, ही का रडते, झालं का. पाच पानं झाली.

रागावले नाही, पण संध्याकाळी बसून नियम केला. ताप, उलटी, रक्त किंवा पडझड असेल तरच हाक. बाकी जे काही असेल ते सव्वातीनला. ग्लास कोणताही चालतो. पुढच्या रविवारपासून रविवारची पाळी ह्यांची. पहिल्या रविवारी एक हाक, दुसऱ्या रविवारी एकही नाही. मी खाली आले तेव्हा लेकीला फ्रॉक उलटा घातलेला होता आणि दोघं अंगणात मुंग्या बघत होते. उलटा फ्रॉक मी तसाच राहू दिला. सरळ केला असता तर पुढच्या रविवारी परत "कोणता फ्रॉक" अशी हाक आली असती.

४ डिसेंबर. कोणतं वाचन मोजायचं

आत्याबाई एके दिवशी म्हणाल्या, "रोज वर जाऊन काय वाचतीस ते सांग तरी." तूर सोलत होत्या. मी त्यांना एक कथा मोठ्यानं वाचून दाखवली. शेवटाला म्हणाल्या, "ती बाई घर सोडून गेली ते बरं केलं," आणि पुढची वाच म्हणाल्या. आता एक दिवसाआड संध्याकाळी स्वयंपाकाआधी वाचन होतं. लेकही ऐकते, मध्येच तिचं चित्रांचं पुस्तक आणून देते, तेही वाचावं लागतं, सलग चार-पाच वेळा.

हे सगळं मला मनापासून आवडतं. पण वहीत मोजत नाही. ह्यांनी विचारलं, आता रोज वाचन होतंय, मग दुपारचं वर जाणं लागतं का? लागतं. मोठ्यानं वाचताना मी ऐकणारीचं तोंड बघत असते, तिला कळतंय का, कंटाळली का, हे बघत असते. वर बसून वाचते तेव्हा कुणाचंच बघत नाही. दोन्ही वेगळी कामं आहेत, एकात दुसरं उरकत नाही. लेकीला पुस्तक वाचून दाखवणं हाच आईचा वाचनाचा वेळ, असं बऱ्याच जणी समाधान करून घेतात, मीही वर्षभर घेतलं होतं. त्यात माझी भूक भागली नव्हती.

२६ डिसेंबर, गुरुवार. दिवस १००

हिशोब. एकूण ५८ दिवस वाचलं, ४२ दिवस शून्य. सहा पुस्तकं पूर्ण, सातवं अर्धं. ११९० पानं, साधारण ३६ तास. अकराचा संकल्प पूर्ण झाला नाही.

हातचे पैसे : दिवा १८०, फाटलेल्या ब्लाउजचं कापड २२०, वाचनालय ३०, वही २५. म्हणजे ४५५. कसरीसाठी कडुनिंबाचा पाला, तो फुकट.

मोठा खर्च मात्र वेगळाच आहे आणि तो लिहिलाच पाहिजे. पाऊण तासात एका साडीचा फॉल-पिको होतो. फॉल आणि दोरा वजा जाता ५५ रुपये हातात राहतात. दुपारच्या ४६ बैठकी झाल्या, म्हणजे २५३० रुपयांचं काम मी केलं नाही. हा आकडा मी ह्यांना आणि आत्याबाईंना दाखवला, कारण लपवायचं नव्हतं. हे थोडा वेळ वहीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "रविवारी आपण दोघं मिळून फॉल लावू. मला शिकव." शिकवलं. टाके लांब लांब पडतात, पण स्वतःच्या घरच्या साड्यांना चालतात.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतात पूजा-जेवणाचा सण. गावाकडं शेतात गेलो. ह्यांनी आदल्या दिवशी कडब्याची कोप (खोपी) केली होती, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडलेले. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. जावा-नणंदा, त्यांची लेकरं, शेजारच्या शेतातली माणसं, हाका मारून मारून जेवायला बोलावणं चाललेलं. पिशवीत सातवं पुस्तक नेलं होतं. तुरीच्या ओळीजवळ बसून वाचीन असं वाटलं होतं, पण पुस्तक काढावंसंच वाटलं नाही. आंबिलीच्या मडक्याशेजारी पिशवी ठेवली होती, मडकं हिंदकळलं, पुस्तकाच्या पाठीवर मोठा पिवळट डाग पडला. उन्हात वाळवलं. ताकाचा वास अजून येतो. वहीत शून्य लिहिलं, आणि या शून्याचं जराही वाईट वाटलं नाही.

५ जानेवारी २०२५

सातवं पुस्तक संपलं. उरली चार.

घड्याळ पुसायला खाली काढलं होतं तर लेक म्हणाली, "माझी खूण कुठाय?" तिला वाटत होतं की प्रत्येकाची एक असते. चारच्या आकड्याजवळ गुलाबी खडूनं तिची खूण केली. तिथं काटा येईपर्यंत ती कोपऱ्यात तिचं चिकटपट्टी लावलेलं पुस्तक घेऊन बसते, आणि मी जवळ गेले की हातानं जा म्हणते. जेमतेम दोन मिनिटं टिकतं.

आज दुपारी ती ३१२ पानांची कादंबरी परत काढली. खाकी कागदाची लांब पट्टी कापली आणि तिच्यावर पेन्सिलीनं चारी पिढ्या आखून घेतल्या, चुलते-पुतणे सगळे. राहिलेल्या पानापासून नाही, पहिल्यापासून सुरू केली. आज १४ पानं.